तेरवीतली वांग्याची भाजी

एकदा मी खानावळ समजून एका तेरवीच्या पंगतीत जेवायला बसलो आणि वर भाजीची तारीफही केली.

माझं काम पाण्याचं. गावोगावच्या विहिरींचं, नळांचं पाणी बाटल्यांत भरायचं आणि तपासायला बुलढाण्याला आणून द्यायचं. त्यामुळे दुपारचं जेवण बहुतेक बाहेरच. बाहेर जेवण्याचे माझे नियम पक्के आहेत, आणि घरात ते कुणालाच आवडत नाहीत. जिथली पाटी चुलीपेक्षा मोठी, तिथे जायचं नाही. काहीही मागितलं तरी 'आहे' म्हणणाऱ्याकडे बसायचं नाही. गावात नवखे असू तर कंडक्टरला विचारायचं. आणि भर दुपारी एखाद्या दारात जीपा, मोटारसायकली दाटीने उभ्या दिसल्या की जास्त चौकशा न करता आत शिरायचं. चिखलीला, मेहकरला या नियमांनी मला कधी दगा दिला नव्हता.

त्या दिवशी वरवट बकालकडे निघालो होतो. कंडक्टर म्हणाला, "सायेब, अलीकडच्या फाट्यावर उतरा. तिथं एका बुढीची खानावळ हाये. वांग्याची भाजी खाऊन पाहा, मंग मले सांगा." तो बऱ्याच दिवसांनी या मार्गावर आला होता, हे मला माहीत नव्हतं.

फाट्यावरच्या त्या दाराशी गाड्याच गाड्या. पुढे मांडव, सतरंज्यांवर पंगत बसलेली. टेबलखुर्च्यांचं खूळ नाही, याचं मला कौतुकच वाटलं. हातपाय धुऊन रिकाम्या जागी बसलो. तुम्ही कोण, कुठले, असं कुणी विचारलं नाही. आमच्याकडे पंगतीत बसलेल्याला तसं विचारत नाहीत. पत्रावळीवर वरण, पोळी, बुंदी आणि वांग्याची भाजी आली. बुंदी पाहून तरी मला शंका यायला हवी होती.

पण भाजी तोंडात गेली आणि शंकाबिंका राहिली नाही. देठासकट शिजलेली लहान काटेरी वांगी, वर लाल तर्री, कूट बेताचा, आणि तिखट असं की जिभेआधी कानांना कळावं. वाढणारा बादली घेऊन समोरून चालला होता. मी मोठ्यांदा म्हणालो, "दादा, भाजी आणा इकडे. काय झालीय! अशी मी जिल्ह्यात खाल्ली नाही."

पंगतीतल्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. वाढणाऱ्याने टोपी काढून घाम पुसला, तेव्हा त्याचं डोकं तुळतुळीत भादरलेलं दिसलं. शेजारी बसलेले एक म्हातारे गृहस्थ माझ्या कानाशी आले. "पाहुणे, तेरवी हाये. तेरवीत जेवनाले चांगलं म्हनत नाई."

इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल. उठावं तर पंगतीतून मधेच उठणं आणखी वाईट. खाली मान घालून जेवत राहिलो आणि म्हातारे हळू आवाजात सांगत राहिले. खानावळवाली म्हातारीच गेली होती. वाढणारा तिचा मुलगा. त्याला खानावळ बंद करून जागा मोबाईलच्या दुकानाला द्यायची होती. सुनेला ती चालवायची होती. आईची चव तुझ्या हाताला नाही, गिऱ्हाईक टिकायचं नाही, असं नवऱ्याने तिला तोंडावर सांगितलं होतं. म्हणून तिने आज आचारी येऊ दिला नाही, भाजी स्वतः केली. आणि सकाळपासून सगळं गाव जेवून गेलं तरी रिवाजापायी कुणी भाजीला चांगली म्हणालं नव्हतं, की वाईटही.

हात धुवायला गेलो तर ती सून तिथेच उभी होती. डोळे चुलीच्या धुराने लाल झालेले, किंवा रडण्याने. मी माफी मागायला लागलो, तर तिने ती ऐकलीच नाही.

"भाऊ, खरंखरं सांगा. आत्याबाईच्या हातासारखी झाली काय?"

"ते मी कसं सांगू? त्यांच्या हातचं मी कधी खाल्लंच नाही."

"म्हनूनच तुमाले इचारून राह्यली. बाकीचे सारे तिच्या हातचं खाल्लेले हायेत. त्याईले तिचीच चव आठवते, माही भाजी लागतच नाई."

अन्नाच्या बाबतीत मी कुणाचं मन राखत नाही. लग्नघरातसुद्धा राखलेलं नाही. म्हणालो, "मी बसमधून या भाजीसाठी उतरलो होतो. उतरलो ते बरं झालं."

नवरा बादली घेऊन मागे येऊन उभा राहिला होता. काय करावं ते न सुचून माझा हात खिशाकडे गेला. तेरवीत पैसे काढणं हा आणखी एक गाढवपणा. तो काही बोलणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "आज नाई घेत. पुढच्या खेपेले घेईन."

बोलली माझ्याशी, पण बघत होती नवऱ्याकडे. त्याने बादली खाली ठेवली. बराच वेळ भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला, मग टोपी घातली आणि मला विचारलं, "पुढची खेप कवा हाये, सायेब?"

"बुधवारी," मी म्हणालो. बुधवारी त्या बाजूला माझं काहीच काम नव्हतं.