चाळीस बरण्या, एकच माप

मी वाचायला शिकले ती शर्टाच्या बाहीवर. वडिलांचं म्हैसुरात शिवणाचं दुकान होतं आणि कापड बेतायला लागणारे मापाचे कागद ते जुन्या पत्रकांतून कापत. संपाची पत्रकं, सभेची पत्रकं, भाववाढीविरुद्धची पत्रकं. मराठी, कानडी, जे हाती येईल ते. आधी त्यांतून बाह्या आणि कॉलरी कापत, मग मला त्या मोठ्यानं वाचायला लावत. माझ्या लहानपणीच्या कितीतरी घोषणा काखेपाशी तुटलेल्या आहेत. पुढचं वाक्य मी मनानं पुरं करायची. ही खोड अजून गेलेली नाही.

वडिलांनी मला कागद दिले, कात्री कधी दिली नाही. "तू शिकणारी. तुझे हात यात कशाला अडकवू?" म्हणायचे. मला तो मान वाटायचा. दादाचं लग्न होईपर्यंत वाटायचा.

वहिनी माझ्याच वयाची. तीही शिंप्याच्याच घरातली, म्हैसुरातच वाढलेली. मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत शिरायची आणि परत यायची विसरायची. लग्नाला महिना झाला नसेल, वडिलांनी तिला कापायच्या टेबलाशी उभं केलं. मी कॉलेजातून यायची तेव्हा वडील तिला खांद्याचा उतार समजावत असत आणि ओठांत टाचण्या धरल्यामुळं ती नुसती मान हलवत असे. पायरीवर चपला काढायला मला तेव्हा फार वेळ लागायचा. कॉलेजातल्या सभांत घसा बसेपर्यंत बोलायचं ते मी, आणि नुसती मान हलवून सगळं घेऊन जायचं ते हिनं. आई दुधावरची साय तिच्या वाटीत घालायची. हे लिहिताना लाज वाटते, पण ती साय मला रोज दिसायची.

म्हणून मला मंडळ हवं होतं. घरात नाही तर बाहेर, पण काहीतरी माझं.

बन्नीमंटपाच्या बाजूला पत्र्याची एक शेड भाड्यानं मिळाली. आम्ही नऊजणी. मालक नाही, मुकादम नाही, जे मिळेल ते सारखं वाटून घ्यायचं. तसं पत्रक मीच लिहिलं होतं. खरं तर आम्ही आठच होतो. नववी कमी पडत होती म्हणून मीच वहिनीला घेऊन गेले. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं मी स्वतः ते विसरले.

सोसले गावाकडचा एक कुंभार झिलई केलेल्या बरण्या घडवायचा. गुळाच्या काकवीचा रंग, ओठ जाड, पोट गरगरीत. उचलायला म्हणून तो त्यांना मातीचेच कान लावायचा. पण बरण्या बसच्या टपावरून यायच्या, आणि कितीही पेंढा भरला तरी कान तुटायचे. बरणी शाबूत आणि कान पेंढ्यात, अशी बरणी कोण घेणार? मग आम्ही त्याला सांगितलं, कान लावूच नका, ओठाखाली सगळीकडून एक खाच पाडा. धरायची मूठ आम्ही तारेनं बसवू.

ती अशी. स्प्रिंगची पोलादी तार घ्यायची आणि तिचं कडं वाकवायचं. कड्याच्या दोन बाजूंना तारेलाच एकेक वेढा द्यायचा. पुढं जिथं दोन टोकं येतात, तिथं एकाला आकडा करायचा आणि दुसऱ्याला फासा. कडं बरणीच्या खाचेत बसवून टोकं ओढायची आणि आकडा फाशात अडकवायचा. वेढे ताणले जातात आणि कडं गळा धरून राहतं. मग त्याच वेढ्यांत लाकडी मुठीची दांडी अडकवली की बरणी एका हातानं उचलता येते. कडं सैल राहिलं तर भरलेल्या बरणीचा भार आल्यावर ते ओठावरून वर निसटतं. फार आवळलं तर गळ्याला तडा जातो.

पहिला आठवडा एकही कडं धड बसेना. आम्ही सगळ्यांनी पक्कडी घेऊन बोटं सोलून घेतली. शेवटी वहिनीनं वर्तमानपत्राची पट्टी फाडली, बरणीच्या खाचेतून फिरवली, जिथं टोक टोकाला भिडलं तिथं नखानं खूण केली आणि त्यावरून तार कापली.

"गळाच की हो हा," ती म्हणाली. "माणसांचे सगळे गळे एका मापाचे असतात काय? हातानं घडवलेली बरणी ही. शर्टाचा गळा बोटभर सैल सोडतो, हिचा नखभर आवळायचा. आयतु, झालं."

कडं बसलं. आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या काकू, एका मास्तरांच्या विधवा, कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अय्यो, एवढंच? आणि आपण आठ दिवस सुम्नेच, उगाचच झटतोय!"

त्या दिवसापासून शेडमध्ये एकच हाक. वहिनी, हे बघ. वहिनी, नखभर म्हणजे केवढं? वहिनी, माझी पट्टी फाटली. काकूसुद्धा तिला वहिनीच म्हणायच्या. वहिनी माझी, आणि माझ्या मंडळात माझ्याच नात्यानं ती सगळ्यांची झाली होती. मला कुणी काही विचारत नव्हतं. फार तर, "पत्रकाचे कागद उरलेत काय गं? पट्ट्यांना हवे होते."

तेवढ्यात सरस्वतीपुरममधल्या एका वसतिगृहाच्या मेसचं काम आलं. पंगतीत लोणचं आणि ताक फिरवायला मुठीच्या चाळीस बरण्या हव्या होत्या. मेस सांभाळणारे गृहस्थ सोमवारी येऊन बघणार होते. "बरं असेल तर वर्षभर तुमच्याकडूनच घेऊ, आणखी दोन मेसना सांगू," ते म्हणाले होते. "नाहीतर आमचे प्लॅस्टिकचे डबे आहेतच." शेडचा मालक ती जागा स्कूटर दुरुस्तीवाल्याला द्यायच्या बेतात होता. हे काम हातचं गेलं असतं तर मंडळ उठलं असतं, कुंभाराच्या बरण्याही पेंढ्यातच राहिल्या असत्या. हे नऊजणींना माहीत होतं. मलाही.

आणि त्याच शुक्रवारी मी ठराव आणला.

तो मी रात्री जागून लिहिला नव्हता, रागाच्या भरात तर मुळीच नाही. दुपारी, स्वच्छ अक्षरात लिहिला आणि नऊजणींसाठी चक्रमुद्रित करून घेतला. त्यात म्हटलं होतं की मंडळात कुणी उस्ताद नाही आणि कुणी हाताखालचं नाही. एकाच व्यक्तीच्या कसबावर सगळ्यांचं काम अडून राहणं ही मुकादमीचीच सुरुवात आहे. म्हणून यापुढं सर्व कडी एकाच मापाची कापावीत, म्हणजे कुणीही कुठलीही बसवू शकेल. कामं पाळीपाळीनं करावीत. या आठवड्यात वहिनीची पाळी पेंढा भरण्याची.

आजही तो ठराव वाचला तर त्यातलं एकेक वाक्य मला पटतं. हीच तर त्यातली वाईट गोष्ट आहे.

"पण बरण्या एका मापाच्या नाहीत की गं," काकू म्हणाल्या.

"काकू, फरक धाग्याएवढा आहे. त्या फरकासाठी आपण नवी सत्ता उभी करायची?"

"सत्ता?" काकूंनी वहिनीकडं बघितलं. ती खाली बसून पट्ट्या एकावर एक रचत होती. "हिची? आमच्या मास्तरांच्या शाळेतला शिपाईसुद्धा हिच्यापेक्षा जोरानं बोलायचा."

हसल्या सगळ्या. मी हसले नाही. मी बोलत राहिले, आणि बोलणं हे माझं कसब होतं. सहाजणींनी हात वर केले. वहिनीनंही केला.

"तुझं काय मत आहे ते तरी सांग," मी तिला म्हणाले.

"वन्सं, तुम्ही एवढं लिहून आणलंय. सरी, होऊ दे," ती म्हणाली आणि पेंढ्याच्या ढिगाकडं गेली.

शनिवारी मी मधल्या आकाराची एक बरणी निवडली, तिच्या गळ्यावरून माप घेतलं आणि चाळीस कडी कापून घेतली. काही आपोआप बसली. काहींना पक्कड लावून आकडा ओढावा लागला. ओढताना एकदा 'टिक' असा आवाज आला. मी बरणी फिरवून पाहिली, काही दिसलं नाही. दिसावं म्हणून मी पाहिलंच नव्हतं.

आमचा एक रिवाज होता. तयार बरणी पाण्यानं भरायची आणि मुठीला धरून शेडमागच्या सहा दगडी पायऱ्या तीनदा चढायच्या, उतरायच्या. त्यात टिकली तरच ती पेंढ्यात जायची. रविवारी दुपारी पहिली बरणी मीच उचलली. चौथ्या पायरीवर हात एकदम हलका झाला. माझ्या मुठीत दांडी होती, दांडीला कडं होतं आणि कड्यात काही नव्हतं. बरणी पायऱ्यांशेजारच्या गवतावर पडली म्हणून वाचली, पण पाणी माझ्या पायांवरून ओघळत खाली उभ्या असलेल्या वहिनीच्या पायांपर्यंत गेलं.

मग एकेक करून सगळ्या तपासल्या. अकरा कडी सैल निघाली. पाच बरण्यांच्या गळ्याला केसासारखा तडा होता. पाणी भरल्यावर तो ओला होऊन काळा दिसू लागला. कुंभाराकडून सोमवारच्या आत काही येणं शक्य नव्हतं. कुणी मला बोललं नाही. बोलल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं, उत्तरं माझ्याकडं पुष्कळ होती.

वहिनीनं हात पदराला पुसले. "कागद हवाय," ती म्हणाली. शेडमध्ये माझ्या ठरावाच्या उरलेल्या प्रती सोडून कागद नव्हता. "वन्सं, हे घेऊ काय?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "घे."

ती आडव्या पट्ट्या फाडत गेली. एकेका गळ्याभोवती माझं एकेक वाक्य गुंडाळत, नखानं खूण करत, पट्टी माझ्याकडं देत गेली. सैल कडी मी तिच्या खुणेबरहुकूम आखूड करून पुन्हा वाकवली. 'कुणी हाताखालचं नाही' ही पट्टी हातात घेऊन मी तिच्या हाताखाली बसले होते.

मध्येच तिनं विचारलं, "गळे वेगळाले आहेत, हे तुम्हाला ठाऊक होतं ना, अल्वा?"

"होतं."

"मग?"

मी पक्कड खाली ठेवली. "सगळ्या तुझ्याकडंच येत होत्या."

तिनं हातातली पट्टी सरळ केली. मग म्हणाली, "तर तसं सांगायचं की. ठराव कशाला करायचा?"

आणि पुढची बरणी ओढली.

सोमवारी ते गृहस्थ आले. त्यांनी बरण्या मोजल्या, पस्तीस भरल्या. "पाच कुठं आहेत?"

"मंडळाच्या ठरावानुसार..." मी सुरुवात केली. मागून काकूंचा खोकला आला. तो खोकला ओळखीचा होता. त्यांना सर्दी झालेली नव्हती.

"मी कडी आखूड कापली," मी म्हणाले. "गळ्यांना तडे गेले. चूक माझी. आठवड्यात पाच नव्या देऊ."

त्यांनी एक बरणी भरायला लावली, मूठ धरून हवेत दोनदा झोका दिला, मग सहाही पायऱ्या स्वतः चढून उतरले. कडं हललं नाही. "घेतो," म्हणाले. "वर्षाचं काम तुमचं. पण ही कडी ज्यांनी कुणी बसवलीत, पुढंही त्यांनीच बसवायला हवीत. कोण बसवतं?"

माझ्या ठरावाच्या अगदी उलट मागणी होती ती. आठजणींनी वहिनीकडं बघितलं. त्या आठांत मीही होते. काम मिळालं होतं, शेड राहणार होती, आणि मला दिसत होती ती वहिनीच्या वाटीतली साय.

"आम्ही सगळ्याच बसवतो," वहिनी म्हणाली.

ते वाक्य माझं होतं. मी ते सभांत बोलले होते, पत्रकांत छापलं होतं, त्यासाठी घसा बसवून घेतला होता. तिनं ते अगदी सहज उच्चारलं, घरात साखर आहे असं सांगावं तसं, आणि त्या गृहस्थांनी मान डोलावून वहीत टिपून घेतलं.

आता ते खरं करून दाखवणं भाग होतं. पुढच्या आठवड्यात बसच्या टपावरून पाच बरण्या उतरल्या. त्या मी मागून घेतल्या. पट्टी फिरवली, नखानं खूण केली, तार कापली, वेढे दिले, आकडा फाशात अडकवला. वहिनी ओठांत पट्ट्या धरून शेजारी बसली होती. एकेक बरणी ती पुढं ओढायची, कड्याखालून नख फिरवायची. तीन कडी तिनं सोडवली आणि केसभर फरकानं पुन्हा बसवली. दोन तशीच राहू दिली.

त्या पाचही बरण्या मेसमध्ये गेल्या, चाळिसात मिसळल्या. कुठल्या दोन, ते मी अजूनही ओळखून दाखवीन.