थाळा उलटायला दोन माणसं

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर धाकटी भावंडं सांभाळायला घरी बसले, ती बसलेच. माझी मुलगी इथे इंग्रजी शाळेत जाते. मराठी तिला समजतं, वाचता येत नाही, म्हणून तिच्यासमोर बसून लिहायला लाज वाटत नाही. दुसऱ्या कुणाच्या हाती हे पडलं तर चुका पोटात घाला. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. कागदावर निदान कुणी माझ्याकडे बघत नसतं.

माझे मालक कतारला स्टोअरकीपर आहेत. खूप वर्षं ते बरवा अल बराहा या कामगारांच्या वस्तीत रत्नागिरीच्या मुलांबरोबर एका खोलीत राहिले. मग पगार वाढला, फॅमिली व्हिसा मिळाला आणि आमच्या रायगडच्या गावातून मी मुलीला घेऊन दोह्याला आले. दोन खोल्या होत्या. खिडकी उघडली की समोर एसीचे डबे. सकाळी बापलेक बाहेर पडले की दिवसभर मी आणि तो घरघर आवाज. गावात मी घराबाहेर फारशी जायचे नाही, पण तिथे बाहेरचे लोक आत यायचे. इथे दारावर कुणी थापसुद्धा मारत नव्हतं.

थाप मारली ती समोरच्या दारातल्या बाईने. उंच, जाड भुवयांची, माझ्या आईपेक्षा थोडी लहान. हाताला पीठ लागलेलं. पॅलेस्टाइनची होती, गाझाची, पण लग्नानंतर सगळा जन्म आखातात गेला. नवरा वारला होता, मुलाजवळ राहायची. दुकानदारांकडून शिकलेलं हिंदी बोलायची. मला अरबी वाचता येतं, कुराणामुळे, पण अर्थ लागत नाही. आम्ही दोघी जे काय बोलायचो ते मी इथे सरळ आपल्या भाषेत लिहिते.

"तुझ्याकडे दोन हात आहेत ना? यल्ला, चल," ती म्हणाली.

तिच्या गॅसवर मोठा गोल थाळा होता. त्यात कुनाफा. दुकानात मिळतो तो शेवयांचा, चीज घातलेला. हिचा तसा नव्हता. जाडा रवा तुपात चोळून ठेवलेला, मध्ये बारीक केलेला अक्रोड, दालचिनी आणि जायफळ. वास आला आणि मला घरचा सांजा आठवून रडू येईल असं झालं. थाळा मंद आचेवर सारखा फिरवत राहायचा, म्हणजे खालून सगळीकडे एकसारखा लाल होतो. मग त्यावर दुसरा थाळा पालथा ठेवायचा आणि दोघींनी चार बाजूंनी धरून एका झटक्यात उलटायचा. एकटीने केलं की तुटतो. मग वरून लिंबू पिळलेला पाक.

"आमच्याकडे हा बहिणीबहिणी उलटतात," ती म्हणाली. "माझी बहीण तिकडे राहिली. सुनेला नखं मोडायची भीती वाटते. आता तू."

मी तिला खाला म्हणू लागले. आमच्याकडे मावशीला खालाच म्हणतात, त्यांच्याकडेही तसंच. कुनाफा झाला की ती मला हाक मारायची. सूक वाकिफच्या बाजारात दालचिनी आणायला मला बरोबर न्यायची आणि दुकानदाराशी भांडायची. मी तिच्यामागे उभी. "तोंडात काय खजूर धरलाय?" ती मला म्हणायची. त्या शहरात मी रस्ते ओळखायला शिकले ते तिच्या पाठीमागून चालत.

मग गावाहून फोन आला की आईचं दुखणं जास्त आहे. महिनाअखेर होती, सुट्ट्यांमुळे तिकीट महाग झालेलं, मालकांचा पगार दोन महिने अडकला होता. मी खालाला काही मागितलं नाही. नुसती तिच्या ओट्याशी उभी राहिले, थाळा फिरवायचा राहिला आणि एका बाजूने करपला. तिने गॅस बंद केला, आत गेली आणि तिकिटाचे पैसे आणून माझ्या हातात ठेवले.

"खाला, मी कधी फेडणार?"

"माझ्या बहिणीला भेटायला मी जाऊ शकत नाही. कितीही पैसे दिले तरी नाही. तू जाऊ शकतेस. तर जा."

आईने मला ओळखलं. माझा हात चाचपून म्हणाली, "कुणाच्या पैशानं आलीस गो?"

"शेजारणीच्या."

"फेड हो तिचे." एवढंच. दुसऱ्या दिवशी आई गेली. जनाजा उचलायच्या आधी भावाने रीतीप्रमाणे विचारलं, हिच्याकडे कुणाचं देणं असेल तर आत्ता सांगा, मी देईन. कुणी बोललं नाही. मी बायकांत बसून ऐकत होते, आणि मला वाटलं, माझ्या बाबतीत विचारलं तर काय?

परत आल्यावर मी भाकऱ्या आणि मच्छीचं कालवण करायला घेतलं. मालक शुक्रवारी बरवा अल बराहाच्या मुलांना नेऊन द्यायचे. मिळतील ते पैसे मी खालाला नेऊन द्यायचे. ती न मोजता कॉफीच्या डब्याखाली सरकवायची. "बस. कॉफी पी. आधी थाळा धर."

त्यानंतर तिकडे गाझात लढाई सुरू झाली. खालाच्या घरी टीव्ही बंद होईना. कुनाफा बंद झाला. मी जायचे, पैसे ठेवायचे, बसायचे. ती फोन हातात धरून असायची. बहिणीचा फोन कधी लागायचा, कधी नाही. एका दुपारी समोरून जो आवाज आला तो मी लिहू शकत नाही. बहीण घरासकट गेली. दफन कुणी केलं, झालं की नाही, तेही कळलं नाही.

आमच्या गावात तिसऱ्या दिवशी जियारत करतात. मेलेल्या माणसाला जे आवडायचं ते गोड करून, त्यावर कुराण पढून फातेहा देतात आणि वाटतात. त्याला पोचतं म्हणतात. बहिणीला काय आवडायचं ते खालाच्या बोलण्यातून मला ठाऊक होतं. मी पहिल्यांदा एकटीने कुनाफा केला. उलटायला मालकांना बोलावलं, त्यांचा हात सुटला आणि एक कड तुटली. फातेहा देऊन मी पांढऱ्या फडक्याखाली थाळा समोर नेला.

आत सगळ्या काळ्या कपड्यांतल्या बायका. लहान कपांत बिनसाखरेची कडू कॉफी. दाराजवळच्या बाईने फडकं उचललं आणि मोडक्या हिंदीत म्हणाली,

"मुबारक! कुणाचं लग्न आहे?"

तेव्हा मला कळलं, त्यांच्याकडे हा आनंदाचा पदार्थ. सुतकात घरात साखरसुद्धा काढत नाहीत. मला सांगायचं होतं. अरबी नाही, हिंदी नाही, मराठीसुद्धा सुचेना. खालाने थाळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. म्हणाली, "घेऊन जा."

फातेहाचं अन्न टाकत नाहीत. मालकांनी थाळा बरवा अल बराहाला नेला. संध्याकाळी परत येऊन सांगितलं की मुलांनी घास घेण्याआधीच विचारलं, कुणाच्या नावाचं? ह्यांनी सांगितलं. सगळ्यांनी हात वर करून तिच्यासाठी दुआ मागितली, मग खाल्लं.

नंतर समोरचं दार बंदच. पैसे द्यायला गेले की सून दार उघडायची. मी म्हणायचे, खालाच्याच हातात देईन. ती म्हणायची, झोपल्यात. पैसे माझ्याकडे साठत गेले. मग कळलं की मुलाला कॅनडात नोकरी लागली, सगळे निघालेत. शेवटची रक्कम पुरी व्हायची होती. मालकांनी ओव्हरटाइमचे त्यात घातले. त्यांना आईचे शब्द मी सांगितले होते.

ते निघायच्या आदल्या दिवशी मी गेले तेव्हा दार उघडंच होतं, सामानाच्या खोक्यांसाठी. खाला खुर्चीवर बसली होती. खूप वाळली होती. मी दारातच सगळं बोलून टाकलं, थांबले असते तर पुन्हा तोंड मिटलं असतं. की आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या नावाने गोड करतात. की ते तिच्या बहिणीचं होतं. की खोलीतल्या मुलांनी तिचं नाव घेऊन हात वर केले.

खालाने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाव घेतलं?"

"हो."

"अनोळखी मुलांनी?"

"हो."

"पोचतं?"

"म्हणतात."

तिने पदराने तोंड पुसतात तसं डोक्यावरच्या रुमालाने पुसलं. "तू एकटीने उलटलास?"

"ह्यांना बोलावलं. कड तुटली."

"तुटणारच," ती म्हणाली. "पुरुषाला काय कळतं." आणि बांधलेलं एक खोकं सोडायला लागली. थाळा काढला. तूप माझ्या घरून आणलं, रवाही. अक्रोड कमी पडला. ती गॅसपाशी उभी राहू शकत नव्हती, म्हणून मी फिरवत राहिले आणि ती खुर्चीवरून "आता डावीकडे" सांगत राहिली. उलटताना उठली. आम्ही चारी बाजू धरल्या, तिने बहिणीचं नाव घेतलं, आणि उलटला. पाक घातला नाही. तिने सांगितलं, नको. कोरडाच एक तुकडा तोंडात घातला आणि किती तरी वेळ चावत राहिली.

मी पैसे पुढे केले. ती म्हणाली, ठेव, मुलीच्या फीला. मी आईचं बोलणं सांगितलं, आणि भावाने जनाजापाशी काय विचारलं तेही. म्हटलं, खाला, तू उद्या जाशील. कुणाला देऊ मग?

या वेळी तिने मोजले. एकेक नोट, ओठ हलवत, सावकाश. मग घडी करून झग्याच्या खिशात घातले.

"खलास," ती म्हणाली. "आईला सांग, फिटले."