माईक हातात घेण्याआधी

आमच्या चर्चच्या सुगीच्या सणाला दरवर्षी एकच साउंडवाला येतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. खिशाला पेन लावावं तसा तो टेस्टर लावतो आणि कुणी माईककडे हात नेला, मग ते पाळकसाहेब का असेनात, की खेकसतो, "थांबा!" आधी ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला टेस्टर लावणार, मग माईकच्या जाळीला. त्याचं हे सोवळं माझ्या फार डोक्यात जायचं.

यंदा माझी लेक गाणार होती. नुकत्याच सडा मारलेल्या अंगणात ती अनवाणी उभी होती.

"थांब गं पोरी!" तो ओरडला. टेस्टर पेटला होता. माईकमध्ये करंट उतरला होता.

त्यानं खटका बंद करून ॲम्प्लिफायरला वीज देणारी मंडपवाल्याची वायर उपटली. तिच्या प्लगची जाड पिन मोडलेली होती.

"बोर्डात बसत न्हवती," मंडपवाला पुटपुटला.

"म्हून अर्थिंगच तोडलं व्हय रं?"

टेम्पोतून त्यानं स्वतःची वायर आणि दुसरा ॲम्प्लिफायर आणला, आवाज शून्यावर ठेवून चालू केला आणि माईकला पुन्हा टेस्टर लावला.

"हां, आता म्हण."

गाणं कसं झालं ते मला विचारू नका. मी सगळा वेळ त्या विझलेल्या टेस्टरकडेच बघत होतो.