एल्मरीडची शेवटची नंबरप्लेट

नंबरप्लेटा ठोकायचं आमचं दुकान दोन पिढ्यांचं आहे. गाड्या नोंदवायची कचेरी नुसता नंबर देते, पाटी देत नाही. पाटी समोरच्या दुकानातून ठोकून आणायची, मग परत आत जाऊन तिच्यावर गोल शिक्का लावून घ्यायचा. समोरचं दुकान म्हणजे माझं. त्यामुळे कोणी कोणती गाडी घेतली आणि कोणाला तिच्यावर स्वतःची जन्मतारीख मिरवायची आहे, हे मला त्याच्या बायकोच्या आधी कळतं. पण गॉटहोल्ड झाउटरसारखं गिऱ्हाईक पुन्हा झालं नाही. त्याने जन्मात माझ्याकडून पाट्यांची एकच जोडी घेतली आणि तिच्यापायी बेचाळीस वर्षं लग्न अडवून ठेवलं.

गॉटहोल्ड माझा वर्गमित्र. एल्मरीड जिल्ह्याच्या कचेरीत गाड्या नोंदवायच्या खिडकीवर कारकून होता. १९७२ साली सरकारने छोटे जिल्हे मोडायचं ठरवलं आणि आमचा जिल्हा ओढ्यावरून भाकरीसारखा मधोमध मोडला. अलीकडचा तुकडा, आमच्या कचेरीसकट, उत्तरेकडच्या जिल्ह्याला, पलीकडचा दक्षिणेकडच्या. पाटीवरची पहिली अक्षरं जिल्ह्याची असतात. जिल्हाच गेला म्हटल्यावर आमची ई. एल. आर. ही अक्षरंही गेली. ज्यांच्या गाड्यांवर ती आधीपासून होती त्यांच्यापुरती राहणार होती. गाडी विकली किंवा माणूस दुसऱ्या जिल्ह्यात राहायला गेला, की पाटी गेलीच.

त्या वर्षीच्या शेवटच्या शुक्रवारी सकाळी पावणेदहाला श्टोर्त्स नावाचा शेतकरी ट्रॅक्टर नोंदवायला खिडकीवर आला. गॉटहोल्डने त्याच्याकडे पाहिलं, बाहेर उभ्या असलेल्या शेणाने माखलेल्या ट्रॅक्टरकडे पाहिलं, आणि म्हणाला, "जेवणाची सुट्टी झाली."

"पावणेदहाला?" श्टोर्त्स म्हणाला.

"मला लवकर भूक लागते."

एल्मरीडचा उरलेला एकमेव, शेवटचा नंबर शेणाच्या ट्रॅक्टरला जाणार, हे त्याला सहन होईना. खिडकी लावून तो थेट दातांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टर आपली निळी मर्सिडीज विकायला काढून बसले होते. लग्नासाठी साठवलेले सगळे पैसे गॉटहोल्डने त्यांच्या टेबलावर ठेवले आणि दुपारी दोनला स्वतःच्या खिडकीवर स्वतःच अर्ज देऊन स्वतःच तो मंजूर केला. मग पाटी ठोकायला माझ्याकडे आला. त्याला गाडी चालवता येते की नाही हेही मला तोवर माहीत नव्हतं. नालासाठी घोडा घेणारे लोक असतात असं ऐकलं होतं, त्या दिवशी एक डोळ्यांनी पाहिला.

"अरे, आणि रोझविथाला काय सांगणार आहेस?" मी विचारलं.

"तिला आनंदच होईल," तो म्हणाला. "ट्राउडल, जरा बघ ना, झाउटरचा झेड सरळ आलाय ना?"

रोझविथा क्युबलर ओढ्यापलीकडे राहायची. तिच्या वडिलांची 'काळा मेंढा' ही खाणावळ ती चालवत होती आणि वसंतात दोघांचं लग्न ठरलेलं होतं. खाणावळ सोडून ती अलीकडे येऊ शकत नव्हती, यालाच पलीकडे जायचं होतं. पण पलीकडे गेला की पाटी गेली. पाटी गेली की एल्मरीड मेलं. हे त्याने तिला काळ्या मेंढ्यातच, मसूर आणि श्पेट्सले नावाच्या जाड शेवयांच्या ताटावर बसून समजावून सांगितलं. मी शेजारच्याच टेबलावर होते.

"म्हणजे तू मला सोडून त्या पत्र्याशी लग्न करतोयस," रोझविथा म्हणाली.

"नाही गं. थोडे दिवस थांबू. सरकारला चूक कळेल. जिल्हा परत करतील."

"आणि नाही केला तर?"

"सरकार एवढं मूर्ख नसतं," असं हा सरकारी कारकून म्हणाला.

नाव अलीकडे नोंदवून ठेव आणि राहा पलीकडे, असं मी त्याला शंभरदा सांगितलं असेल. तो दुखावला. "नोंद एकीकडे आणि उशी दुसरीकडे? ट्राउडल, अगं तो गुन्हा आहे." आता या माणसापुढे डोकं फोडून काय उपयोग?

मग त्याने वेगळा मार्ग काढला. दर रविवारी तीन वाजता तो मर्सिडीज घेऊन तिच्याकडे कॉफीला जायचा आणि सहाला परत यायचा. त्याच्या घरामागे ओढ्यावर लाकडी पूल आहे. तो ओलांडला की समोर काळा मेंढाच. पण त्या पुलावरून माणूस जातो, गाडी जात नाही. गाडीने जायचं तर पुढच्या गावाला वळसा घालून अकरा किलोमीटर. गॉटहोल्ड अकरा किलोमीटर जायचा. पलीकडच्यांनाही दिसू दे की एल्मरीड अजून जिवंत आहे, असं म्हणायचा. पावसात गेला, बर्फात गेला, तिचे वडील वारले तेव्हाही गाडी आधी पुसून मग गेला. रोझविथा दर रविवारी आलुबुखाराचा केक करायची आणि दारात उभी राहून त्याच्याऐवजी पाटीलाच म्हणायची, "या, बसा." लोक हसायचे. मीही हसायचे, आणि घरी आल्यावर मला तिचा राग यायचा की हा माणूस हिने अजून हाकलून कसा दिला नाही.

रस्त्यावरच्या ई. एल. आर. पाट्या एकेक करून संपल्या. कोणी वारलं, कोणाची गाडी भंगारात गेली. शेवटी फक्त याची उरली. वर्तमानपत्रात फोटो आला, तो त्याने चौकट करून लावला.

आणि मग २०१२ साली सरकारने कायदा बदलला. जिल्हा दिला नाही, अक्षरं तेवढी परत दिली. कोणीही यावं, खिडकीवर मागावं, मिळतील. पहिल्या दिवशी माझ्या दुकानापुढे बेकरीपर्यंत रांग लागली. गॉटहोल्ड दारात येऊन उभा राहिला. रांगेत पहिला नंबर कोणाचा असेल? श्टोर्त्सच्या मुलाचा. शेणखताच्या टँकरसाठी आला होता. मी यंत्राचा दांडा ओढला, पत्र्यावर ई. एल. आर. उमटलं, आणि गॉटहोल्ड खुर्चीवर मटकन बसला.

"बाबांना सांगतो हं, तुमची जेवणाची सुट्टी संपली म्हणून," श्टोर्त्सचा मुलगा म्हणाला. या घराण्यात कोणी काही विसरत नाही.

त्या दिवशी मी तीनशे पाट्या ठोकल्या. धंदा झाला हे खोटं का सांगू? पण खुर्चीतला तो माणूस बघून मला माझ्या यंत्राची लाज वाटली.

त्यानंतरही तो रविवारी जातच राहिला, कारण अक्षरं सगळ्यांना मिळाली तरी दुसऱ्या जिल्ह्यात गेल्यावर त्याचा तो नंबर राहणार नव्हता. २०१५च्या जानेवारीत तेही सुटलं. आता देशात कुठेही राहायला जा, पाटी सोबत न्या. बातमी मीच त्याला नेऊन दिली. त्याने ती तीनदा वाचली, चष्मा पुसला, चौथ्यांदा वाचली आणि सूटकेस काढली. वय बहात्तर. मला म्हणाला, "तू चल. मला बोलता येणार नाही." अकरा किलोमीटर त्याने गाडी चालवली, सूटकेस माझ्या मांडीवर.

रोझविथाने दार उघडलं. सूटकेस पाहिली. "आज गुरुवार आहे," ती म्हणाली. "कोण वारलं?"

"कोणी नाही. कायदा बदलला. मी राहायला आलो."

तिने गाडीकडे पाहिलं. मला वाटलं, आता दार लावणार. लावलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

"गॉटहोल्ड," ती म्हणाली, "मी लग्न ठरवलं तेव्हा तुझ्याकडे सायकलही नव्हती. परत जा. गाडी घरी ठेव आणि पुलावरून चालत ये. पाटीशिवाय चालत येणारा माणूस कसा दिसतो, मी विसरले आहे."

तो गेला. अकरा किलोमीटर. आम्ही दोघी ओढ्याकडच्या खिडकीशी उभ्या राहिलो. तिने केक झाकून ठेवला, उघडला, परत झाकला. मग समोरच्या काठावरून सूटकेस घेतलेला एक म्हातारा कठड्याला धरून पुलावर आला. मधे एकदा थांबून त्याने घड्याळ पाहिलं.

दारात आल्यावर त्याने पुन्हा घड्याळ पाहिलं. "तीन मिनिटं," तो म्हणाला. "रोझविथा, तीनच मिनिटं लागली गं." आणि तिथेच सूटकेसवर बसून लहान मुलासारखा रडायला लागला.

"मला माहीत आहे," रोझविथा म्हणाली. "मी कितीदा मोजली होती."

लग्न मे महिन्यात झालं. आता त्याची नोंद पलीकडे आहे आणि उशीही. काळ्या मेंढ्याच्या अंगणात मर्सिडीज उभी करायला रोझविथाने मात्र साफ नकार दिला, तेव्हा ती अलीकडे जुन्या घराच्या गॅरेजमध्येच आहे. दर रविवारी तीन वाजता गॉटहोल्ड पूल ओलांडून येतो, तिच्यात बसतो, पाटी पुसतो आणि सहाला परत जातो. सोबत रोझविथाने बांधून दिलेला केक असतो. ती दोन तुकडे देते, एक त्याला आणि एक गाडीला.