हौसावन्संनी मशेरी सोडली तेव्हा

गेल्या महिन्यात सकाळी शिराळ्याहून रेखाचा फोन आला. "मामी, आत्या गेल्या. चहा मागितला, आणि मी कप घेऊन जाईस्तवर..." पुढं तिला बोलवेना. तिच्या आत्या म्हणजे तिच्या सासूबाई, माझ्या थोरल्या नणंद, हौसावन्सं. हृदयविकाराचा झटका, डॉक्टर म्हणाले. मी यांना उठवलं, गाडी सांगितली, पिशवी भरली. रडायला नंतर वेळ मिळाला, तोही थोडाच.

वन्संची आणि माझी खरी ओळख लग्नानंतर कितीतरी वर्षांनी झाली, लॉकडाऊनमध्ये. डोळे तपासायला म्हणून त्या साताऱ्याला आल्या आणि एसटी बंद झाली. दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यात हे बहीण-भाऊ. यांना सिगारेट लागायची, वन्संना मशेरी, आणि टपऱ्यांना कुलपं. दोघं दिवसभर एकमेकांवर खेकसत. वन्सं म्हणत, "मशेरी लावल्याबिगार त्वांड धुतल्यागत वाटत न्हाई." ब्रश त्यांनी कधी हातात धरला नव्हता. आमच्याकडच्या अनेक बायकांसारखी त्यांचीही समजूत होती की मशेरीनं दात साफ राहतात. हिरड्या काळ्या पडल्या, दाढा गेल्या, समजूत शाबूत!

एका दुपारी यांनी कुठूनतरी बहिणीसाठी तंबाखू आणि स्वतःसाठी सिगारेटी पैदा केल्या. मी भाजीला खाली गेले होते. वन्संनी माझ्या पोळ्यांच्या तव्यावर तंबाखू भाजायला घेतली, शिराळ्यात घरामागच्या परड्यात भाजतात तशी; फक्त इथं शेजाऱ्यांना वास जाऊ नये म्हणून सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. धूर दाराच्या फटीतून जिन्यात. मी वर आले तर सगळा जिना खोकत होता. त्या दिवसांत नुसतं शिंकलं तरी माणसं लांब पळायची. सोसायटीचे चेअरमन तोंडाला पंचा बांधून खालूनच ओरडले, "आत पेशंट किती आहेत? नगरपालिकेला कळवतो मी!" वन्संनी काळ्या हातानं दार उघडलं. "आवं, कोरोना न्हाई, मशेरी हाय. लावता का जराशी?"

हे हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले, आणि खोकला थांबेचना. दमा होताच. ओठ निळे पडले... मी खिडक्या उघडल्या, पंप दिला. त्या काळात दवाखान्यात तरी कुठं नेणार? श्वास जागेवर आला तेव्हा वन्संनी तवा उचलला आणि सगळी मशेरी संडासात ओतली.

"बाळू, तुझी पण पाकिटं आण. तू वढायची न्हाई, मी लावायची न्हाई."

"तुला जमंल व्हय, आक्का?"

"तुला जमलं तर."

मी नवा ब्रश काढून दिला. साठी उलटलेल्या बहिणीला भाऊ बेसिनपाशी शिकवतोय, "आक्का, गिळू नगं, थुक!" आणि त्या फेसाळ तोंडानं त्याला शिव्या घालतायत. तलफ आली की दात घासायचे, असं त्यांनी ठरवलं. पेस्टची ट्यूब बघता बघता चपटी व्हायची. मी कुरकुरले, पण आणत राहिले.

एसटी सुरू झाल्यावर वन्सं गेल्या. मग रोज सकाळी फोन. "वढली का?" "न्हाई. तू लावलीस?" "न्हाई." एवढंच बोलणं. दुसऱ्या लाटेत हे ऑक्सिजनवर होते तेव्हा त्या फोनवर नुसतं "हाय न्हवं?" विचारायच्या, मी "आहेत" म्हटलं की ठेवून द्यायच्या. हे वाचले. मधे एकदा कुणाच्यातरी बारशात बायकांत बसून वन्संनी मशेरी लावली, आणि दुसऱ्या सकाळी स्वतःच सांगून टाकलं. हे रागावले नाहीत. म्हणाले, "बरं, आजपास्नं परत."

दिवसकार्य उरकून आम्ही परत आलो. सकाळी हे मोबाईल हातात घेऊन गॅलरीत नुसते बसत. एकदा शर्ट धुवायला घेतला तर खिशात सिगारेट निघाली, न ओढलेली. मी ती त्यांच्यापुढं ठेवली आणि स्वयंपाकाला लागले. बराच वेळ गेला... मग त्यांनी शिराळ्याला फोन लावला. रेखाही मशेरी लावते. वन्सं तिला सांगून सांगून थकल्या होत्या.

"रेखा, मला इचार, वढली का म्हणून."

ती गडबडली. मग हळूच म्हणाली, "मामा, वढली का?"

"न्हाई. अजून तरी न्हाई. तू?"



"आत्ताच लावली की, मामा," ती म्हणाली. "उद्या परत इचारा."