कोरी चाचणी

माझ्यावर आईवडिलांच्या खालोखाल कोणाचे उपकार असतील, तर ते नकाशेबाईंचे. त्यांना कौतुक सहन होत नसे. "बाई, आज फार मजा आली," असं कोणी म्हटलं की त्या चष्म्यावरून बघत आणि विचारत, "मजा कुठे थांबली ते सांगा. तेवढं लिहून घेते." पेन्सिल हातात तयारच असे.

सरकारी कचेरीत त्यांनी सगळी नोकरी धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढण्यात घालवली, म्हणून हे नाव. समोर आम्ही नुसतं 'बाई' म्हणायचो. स्वारगेटजवळच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी सकाळी दहाला, जुन्या ड्रॉइंग बोर्डाभोवती बसून आम्ही पाच-सहा जण 'घाटवाट' खेळायचो. हा खेळ बाईंनी स्वतः रचलेला. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. बाकीचे एकेका पात्राच्या वतीनं बोलतात, निर्णय घेतात. शंका असेल तिथे फासे टाकायचे. यात कोणी जिंकत नाही की हरत नाही. व्यापाऱ्यांचा तांडा घाट उतरून बंदराला पोचतो की नाही एवढाच प्रश्न, आणि तो महिनोन्महिने पुरायचा. उशिरा येणाऱ्याला बाई दारातच सांगत, "या. आपण दहा मिनिटांपूर्वी दरीत पडलात. चपला बाहेर काढा."

मी तेव्हा लोणी काळभोरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होतो. घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. खोलीवरचा मित्र निखिल मला तिथे घेऊन गेला. पहिल्याच दिवशी मला वाटाड्याचं पात्र मिळालं. ओढ्यावरचा पूल वाहून गेला होता. बाईंनी विचारलं, "मग, वाटाडे, काय करता?"

"तुम्ही सांगाल ते," मी म्हणालो.

"मीच सांगायचं असतं, तर तुला लोणीहून कशाला बोलावलं असतं?"

मी चाचरत म्हणालो, "वरच्या अंगाला उतार हाय. तिथनं बैल जातील."

निखिलला हसू आलं. बाई त्याच्याकडे वळल्या. "वाटाड्या असाच बोलणार. तुझा व्यापारी मात्र बातम्या दिल्यासारखा बोलतोय. त्याचं बघ आधी."

शाळेत मला उत्तरं विचारली गेली होती. मत कोणी विचारलं नव्हतं. नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी "तुम्ही काय केलं असतं?" असं विचारलं तेव्हा मी न अडखळता बोललो, ते त्या ड्रॉइंग बोर्डामुळे. आमच्या गावच्या शाळेतून आलेल्या मुलाला ही केवढी गोष्ट आहे, हे तिथून आलेल्यालाच कळेल.

'घाटवाट'ची पहिली आवृत्ती म्हणजे झेरॉक्स काढून स्पायरल लावलेली वही होती. नवी आवृत्ती रीतसर छापायची म्हणून बाई चार वर्षं नियम पुन्हा लिहीत होत्या. प्रत्येक नियम टेबलावर खेळून बघायचा, मोडला की पुन्हा लिहायचा. आमच्याबरोबर खेळलेले डाव त्या मात्र चाचणीत धरत नसत. म्हणायच्या, "तुम्हाला नियम माझ्या तोंडून कळतात. पुस्तकाबरोबर मी घरोघरी जाणार आहे का?" म्हणून शेवटी कोरी चाचणी असे. हा खेळ कधी न पाहिलेले लोक बोलवायचे, त्यांच्या हाती मजकूर द्यायचा, आणि बाई पिशवी घेऊन मंडईत निघून जायच्या. घरात थांबलं तर तोंड उघडेल म्हणून.

छपाईआधीच्या अखेरच्या कोऱ्या चाचणीला सूत्रधारही नवखाच ठरला होता. तो आयत्या वेळी तापानं आजारी पडला. बाईंनी मला बसवलं. "तुला जुना खेळ पाठ आहे, हीच भीती आहे," त्या म्हणाल्या. "कागदावर नाही ते बोलायचं नाही. अडलं तर अडू दे. अडलेलंच मला हवंय."

इंजिनिअरिंगची चार मुलं आली होती. डाव छान रंगला. तिसऱ्या तासाला त्यांच्यातल्या एका मुलीनं विचारलं, "दादा, चाललं की थकवा चढतो ते कळलं. पण तो उतरतो कधी?"

"मुक्काम केला की थकव्याचे दोन गुण उतरतात," मी म्हणालो. आणि खेळ पुढे गेला.

मुलं गेल्यावर मी पानं उलटली. दोनदा शोधलं. थकवा उतरण्याचा नियम कुठेच नव्हता. जुन्या वहीत होता. शेवटच्या खेपेला नव्यानं लिहिताना गळाला होता. आम्ही जुने खेळाडू सवयीनं थकवा उतरवत राहिलो, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. चाचणी घ्यायची ती नेमकी अशा गोष्टीसाठीच.

चाचणीनंतर सूत्रधारानं भरून द्यायच्या अहवालात एक प्रश्न होता: सूत्रधारानं कागदाबाहेरचं काही सांगितलं का? मला एकच गोष्ट बजावली होती आणि मी तीच मोडली होती, याची लाज वाटली. पुन्हा त्या खुर्चीत बसवणार नाहीत, असंही वाटलं. मी लिहिलं, 'नाही'. मनात म्हटलं, बाई आल्या की गळालेल्या ओळीचं हळूच सांगू.

बाई आल्या, मेथीच्या जुड्या ओट्यावर टाकल्या आणि उभ्या उभ्याच अहवाल वाचला. त्यांना तसं मोकळं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. "चार वर्षांत पहिल्यांदाच मला खोडायला काही नाही रे," त्या म्हणाल्या. मी गळालेल्या ओळीचं न सांगता मेथी निवडायला घेतली. आठवड्यात मजकूर छापखान्यात गेला.

पुस्तक लांबलांबच्या गावांत पोचलं आणि पत्रं येऊ लागली. सगळीकडे तिसऱ्या डावापर्यंत तांडा थकून आडवा होत होता. एकानं फेसबुकवर लिहिलं, 'हा खेळ आहे की शिक्षा?' ते बाईंनी रविवारी स्वतः आम्हाला वाचून दाखवलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुझ्या टेबलावर कसं कोणी थकलं नाही?"

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "फासे चांगले पडले, बाई."

"बरं," त्या म्हणाल्या.

उरलेल्या प्रतींत त्यांनी दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. त्या एका सरळ रेषेत याव्यात म्हणून पट्टी धरून चिकटवल्या. नंतर एका रविवारी त्यांनी फासे कापडी पिशवीत भरले आणि आता खेळ बंद, असं सांगितलं. निखिल म्हणाला, "बाई, एक ओळ तर राहिली!" त्यावर बाई म्हणाल्या, "ओळ राहते रे, माणूस आहे. पण माझी चाचणीसुद्धा ती पकडत नसेल, तर मी नियम कशाच्या भरवशावर लिहू?" महिन्याभरात त्या बहिणीकडे धारवाडला राहायला गेल्या. जाताना मला पेन्सिलींचा डबा दिला. मी तो घेतला. त्याची मला सर्वांत जास्त लाज वाटते.

त्याला दोन वर्षं झाली. गेल्या आठवड्यात मी त्यांना पत्र पाठवलं, ते असं:

"ती. बाईंना सा. न.

तुमची चाचणी चुकली नव्हती. त्या दिवशी एका मुलीनं थकवा कधी उतरतो असं विचारलं, आणि उत्तर मी जुन्या वहीतलं दिलं. ते कागदावर नाही हे मला त्याच दुपारी कळलं होतं. तरी अहवालात मी 'नाही' लिहिलं. फासे चांगले पडले, हेही खोटं होतं.

म्हणजे तुमच्या पद्धतीनं चूक बरोबर पकडली होती. नवख्या मुलीनं, नेमक्या जागी, नेमका प्रश्न विचारला होता. तो तुमच्यापर्यंत पोचू दिला नाही तो मी. तुम्ही स्वतःवरचा भरवसा सोडलात तो माझ्या अहवालावर विसंबून. तो अहवाल फाडून टाका आणि जमलं तर पुन्हा लिहायला बसा.

हे निखिलला आणि बाकीच्यांनाही सांगितलं आहे. निखिल माझ्याशी बोलत नाही. त्याचं बरोबर आहे.

उत्तर आलं नाही तरी चालेल, असं शेवटी लिहिणार होतो. पण तेही खरं नाही. रोज पोस्टमनची वाट बघेन.

आपला,
वाटाड्या"