तेजोमेघांचे वाटे

आमच्या घरातून कॉलेजची पायरी पहिल्यांदा चढले ती मी. हे मी मिरवते, आणि का मिरवू नये?

एम.एस्सी.चा माझा प्रकल्प होता ग्रहीय तेजोमेघांच्या आकारांवर. नावात ग्रह असले तरी त्यांचा इथे काही संबंध नाही. म्हातारा तारा आपली वायूची आवरणं बाहेर टाकतो, त्याचा हा झगमगता ढग. फोटो बघून मी तीन प्रकार पाडले होते: गोल, लांबट आणि दोन पंखांचे. सरांनी वही परत केली.

"हे तुझं एकटीचं मत झालं. यातलं काहीच माहीत नसलेल्या माणसाकडून तेच फोटो आकारांप्रमाणे वेगळे लावून घे. दोघांचा मेळ बसला तर पुढची आकडेमोड, नाहीतर पहिल्यापासून."

अहवाल द्यायला आठवडा उरला होता.

आई जेटीवर मासे विकून दुपारी घरी आली. मी छापलेले फोटो तिच्यापुढे ठेवले. "आये, आकार बघून यांचे तीन ढीग कर."

चहा होईस्तोवर ढीग तयार. तिन्ही अगदी सारखे! प्रत्येकात थोडे गोल, थोडे लांबट, आणि गिऱ्हाइकाला दिसेल असा वर एकेक पंखवाला.

"आये, हे तर विकायला मासळीचे वाटे लावलेस!"

"मग? एकीला सगळे बांगडे नि दुसरीला सगळी मांदेली दिली तर भांडणं नाय होणार?"

मी हसून हसून लोळले. "विकायचे नाहीत गो! होडी लागल्यावर मासळी निवडतेस ना, तसे जातवार कर."

"मग तसं बोल की. एवढी शिकलीस, नीट सांगता नाय येत?"

आता हात भराभर चालले. पण गोलांतले काही तिने बाजूला ठेवले.

"हे गोल, असं मी नाय सांगणार. सुरमय तोंडाकडून बघितलीस तर गोलच दिसते. आडवी केल्याशिवाय काय कळणार?"

मी कप खाली ठेवला आणि वही ओढली. तेजोमेघ काही आडवा करता येत नाही. पण त्यांची तोंडं वाट्टेल त्या दिशांना असतील, तर लांबटांपैकी साधारण किती आपल्याला गोल भासतील, हे गणिताने काढता येतं. मी ते धरलंच नव्हतं!

बाकी ढिगांचा मेळ झकास बसला. बाजूचे फोटो 'अनिश्चित' म्हणून वेगळे मांडले आणि आठवडाभर बसून गणित नव्याने केलं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी नेमकं ढिगांच्या मेळाचं पान उघडलं. तिथे मी नुसतं 'दुसरे निरीक्षक' एवढंच लिहिलं होतं. "हे दुसरे निरीक्षक कोण?"

"माझी आई. जेटीवर मासे विकते," मी म्हटलं, जरा मोठ्यानेच.

"मग त्यांचं नाव का नाही इथे?"

मी त्यांचंच पेन मागून घेतलं.